जिवाणूच्या एन्झाइमची रचना आणि कार्य कसे ठरवावे: नवख्या संशोधकांसाठी मार्गदर्शन

कलिना, पवई, माटुंगा किंवा कुलाबा येथील एखाद्या प्रयोगशाळेत एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात दाखल होणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती बहुधा एखाद्या जिवाणूचे एक जनुक सोपवले जाते. त्या जनुकासोबत संगणकाने दिलेले एक वाक्यही असते: हे प्रथिन बहुधा अमुक प्रकारचे एन्झाइम असावे. या 'बहुधा'च्या जागी पुरावा आणणे हेच पुढील दोन-तीन वर्षांचे काम असते. ते करताना नवखे विद्यार्थी रचनेकडे फार लवकर धावतात, आणि एन्झाइम प्रत्यक्षात काय करते याचे मोजमाप शेवटी उरकण्याचे काम समजतात. माझा आग्रह याच्या उलट आहे. ज्या नळीतील प्रथिनाचे स्फटिक करायचे, त्याच नळीतील प्रथिनाची क्रियाशीलता आधी मोजलेली असावी, कारण मोजमापाशिवाय मिळालेली रचना एका रेणूचे छायाचित्र दाखवते, त्या रेणूचे काम सांगत नाही.

पुढील सर्व पायऱ्या मी बीटा-लॅक्टमेज या एन्झाइमकुलाच्या आधारे समजावून सांगणार आहे. पेनिसिलिन आणि त्याच्या नात्यातील प्रतिजैविकांमधील चार अणूंचे बीटा-लॅक्टम कडे तोडून ती निकामी करणारी ही एन्झाइमे आहेत. पेनिसिलिन नष्ट करणारे एन्झाइम जिवाणूंमध्ये असते, हे अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच, म्हणजे पेनिसिलिन औषध म्हणून सर्वत्र मिळू लागण्याआधीच नोंदवले होते. तुमचे जनुक वेगळ्या कुलातील असले तरी मार्ग साधारण हाच राहील.

तयारीची फेरी: उत्तर माहीत असलेले एन्झाइम

स्वतःच्या जनुकाला हात लावण्यापूर्वी पूर्ण मार्ग एकदा टेम-१ या बीटा-लॅक्टमेजवर चालून पाहावा, असे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो. टेम-१ची रचना, त्याची गती आणि त्याची यंत्रणा ही सर्व प्रकाशित आहेत, त्यामुळे तुमचे आकडे चुकले तर चूक नेमकी कोठे झाली हे शोधता येते. अनोळखी एन्झाइमच्या बाबतीत ही सोय नसते, आणि क्रियाशीलता दिसली नाही तर एन्झाइम मृत आहे, बफर चुकला आहे की सबस्ट्रेटच (एन्झाइम ज्यावर क्रिया करते तो रेणू) चुकीचा निवडला आहे, हे सांगणारा कोणताही आधार हाती उरत नाही. या फेरीत गेलेले दोन-तीन महिने पुढे भरून निघतात.

काम सुरू करण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी घ्यावी. भारतात पुनर्संयोजित डीएनएच्या कामासाठी १९८९ च्या नियमांनुसार ती आवश्यक आहे, आणि प्रतिजैविकरोधी जनुके हाताळताना हा केवळ कागदी सोपस्कार समजू नये. वापरलेले प्रत्येक माध्यम आणि प्रत्येक प्लेट ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बेसिनकडे जाता कामा नये. मूळ जिवाणूच हवा असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एनसीआयएम हा संग्रह जवळचा आहे. मात्र बहुतेक वेळा जनुक संश्लेषित करून मागवणे सोपे पडते.

क्रम वाचणे

अमिनो आम्लांचा क्रम ब्लास्ट (सारखे क्रम शोधणारी प्रणाली) आणि इंटरप्रो (प्रथिनकुले ओळखणारा संग्रह) या दोन्ही ठिकाणी तपासावा. बीटा-लॅक्टमेजांचे अ, ब, क, ड असे चार वर्ग अँबलर वर्गीकरणात मानले जातात. त्यांपैकी अ, क आणि ड हे वर्ग क्रियास्थळी सेरिन वापरतात, तर ब वर्ग जस्ताचे अणू वापरतो. २००९ मध्ये प्रथम वर्णन झालेले एनडीएम-१ हे ब वर्गातील आहे. अ वर्गात 'सेरिन, मग कोणतीही दोन, मग लायसिन' असा ठसा दिसतो. ब वर्गात हिस्टिडीन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल यांचा जस्त धरणारा ठसा असतो. तुमचे जनुक कोणत्या वर्गाकडे झुकते हे याच पायरीवर टिपून ठेवावे, कारण पुढे बफर निवडताना त्याचा थेट उपयोग होतो.

येथे एक बारीक पण महागात पडणारी अडचण आहे. टेम-१चे क्रियाशील सेरिन सर्वत्र 'सेरिन ७०' म्हणून ओळखले जाते, परंतु हा क्रमांक सर्व अ-वर्गीय एन्झाइमांसाठी ठरवलेल्या समान मोजणीतला आहे. टेम-१ची २८६ अमिनो आम्लांची पूर्ण साखळी पहिल्या मेथिओनिनपासून मोजली तर तेच सेरिन ६८ व्या स्थानी येते, आणि ७० व्या स्थानी फेनिलअ‍ॅलनिन असते. साखळी न मोजता प्रायमर मागवणाऱ्याच्या हाती भलतेच उत्परिवर्तन पडते. म्हणून दोन्ही क्रमांकांचा तक्ता पहिल्याच दिवशी वहीत चिकटवून ठेवावा.

त्यानंतर सिग्नल पेप्टाइड पाहावे. टेम-१मध्ये सुरुवातीची २३ अमिनो आम्ले प्रथिनाला पेशीच्या दोन आवरणांमधील पोकळीत, म्हणजे पेरिप्लाझममध्ये, पोहोचवून कापली जातात, आणि २६३ अमिनो आम्लांचे, सुमारे २९ किलोडाल्टन वजनाचे परिपक्व प्रथिन उरते.

अल्फाफोल्ड या, क्रमावरून प्रथिनाची रचना सांगणाऱ्या संगणक प्रणालीचे भाकीत याच पायरीवर काढून ठेवावे. ज्या कामासाठी २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून दिले गेले, त्याची उपयुक्तता वादातीत आहे. तरीही मूळ भाकितात धातूचे अणू नसतात, पाण्याचे रेणू नसतात आणि सबस्ट्रेटही नसतो. बीटा-लॅक्टमेजच्या यंत्रणेत तर एक पाण्याचा रेणूच निर्णायक काम करतो. त्यामुळे हे भाकीत गृहीतक मांडण्यासाठी आणि पुढे विवर्तनाची, म्हणजे स्फटिकातून विखुरलेल्या क्ष-किरणांची, माहिती सोडवताना सुरुवातीचे प्रतिमान म्हणून वापरावे. निष्कर्षाच्या जागी ते ठेवू नये.

प्लाझ्मिडची निवड

प्लाझ्मिड म्हणजे जनुक पेशीत वाहून नेणारे डीएनएचे कडे. अँपिसिलिनरोधी प्लाझ्मिडांमध्ये निवडीसाठी जे जनुक बसवलेले असते, ते बहुधा टेम कुलातील बीटा-लॅक्टमेजचेच असते. याचा अर्थ असा की बीटा-लॅक्टमेजवर काम करणाऱ्याने अँपिसिलिनरोधी प्लाझ्मिड वापरले, तर त्याच्या प्रत्येक नमुन्यात एक परके, अतिशय वेगवान बीटा-लॅक्टमेज आपोआप मिसळते. प्लेटवर एका मोठ्या वसाहतीभोवती दिसणाऱ्या लहान उपवसाहती याच एन्झाइममुळे उगवतात, कारण ते बाहेर पडून आजूबाजूचे अँपिसिलिन संपवून टाकते. म्हणून कॅनामायसिनरोधी प्लाझ्मिड, उदाहरणार्थ पीईटी-२४ए, निवडावे. शिवाय जनुक नसलेले रिकामे प्लाझ्मिडही त्याच पेशींमध्ये घालून ठेवावे. पुढे प्रत्येक मोजमापात त्याची तुलना लागणार आहे.

निकेलच्या स्तंभाला चिकटणारा सहा हिस्टिडीनांचा टॅग साखळीच्या शेवटच्या टोकाला लावावा. तो पहिल्या टोकाला लावला तर सिग्नल पेप्टाइड कापले जाताना तोही जाईल. तुमचे एन्झाइम ब वर्गातील असेल तर अधिक सावध राहावे, कारण निकेलच्या स्तंभावरून निसटलेले निकेल जस्ताच्या जागी बसू शकते; अशा वेळी स्ट्रेप-टॅग हा चांगला पर्याय ठरतो.

प्रथिन तयार करणे

बीएल२१(डीई३) पेशी एक लिटर माध्यमात ३७ अंश सेल्सिअसला वाढवाव्यात. ६०० नॅनोमीटरवरील गढूळपणा ०.६ च्या आसपास आला की तापमान १८ ते २० अंशांवर आणावे आणि मगच जनुक चालू करणारे आयपीटीजी ०.१ ते ०.२ मिलिमोलर घालावे. नवखे विद्यार्थी १ मिलिमोलर घालून अधिक प्रथिनाची अपेक्षा करतात, परंतु पेरिप्लाझमकडे नेणारी वाट अरुंद असते आणि अति वेगाने तयार झालेले प्रथिन वाटेतच गोळा होऊन अविद्राव्य होते. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास आयपीटीजी घालून दुसऱ्या दिवशी सकाळी पेशी गोळा करणे ठाणे, वसई किंवा पनवेलहून ये-जा करणाऱ्यांना सोयीचे पडते आणि प्रथिनालाही मानवते. मात्र शेकरचे थंड करणारे यंत्र रात्रभर तापमान टिकवते की नाही, हे आधी एकदा तापमापी ठेवून पाहावे. मे महिन्यातील मुंबईत खोलीची वातानुकूलन यंत्रणा रात्री बंद होत असेल, तर १८ अंशांवर ठेवलेला शेकर पहाटेपर्यंत २५ अंशांवर गेलेला मी पाहिला आहे.

पेशी गोळा झाल्यावर त्या २० टक्के साखरेच्या द्रावणात थोडा वेळ ठेवून मग बर्फासारख्या थंड, ५ मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट असलेल्या पाण्यात टाकाव्यात. या धक्क्याने बाहेरचे आवरण सैल होते आणि केवळ पेरिप्लाझममधील प्रथिने बाहेर येतात. उत्पन्न कमी मिळते, पण पेशीतील हजारो प्रथिनांपैकी बहुतेक मागेच राहिल्याने पुढील शुद्धीकरण खूप सोपे होते. टेम-१मध्ये ७७ आणि १२३ क्रमांकांच्या सिस्टीनांमध्ये असलेला गंधकाचा बंधही पेरिप्लाझममध्येच नीट तयार होतो.

निकेलच्या स्तंभावर प्रथिन चढवून २० मिलिमोलर इमिडॅझोलने धुवावे आणि २५० मिलिमोलरने उतरवावे. त्यानंतर आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेल-गाळण स्तंभावरून न्यावे. या दुसऱ्या स्तंभाचा आलेख जपून ठेवावा, कारण प्रथिन एकेकटे आहे की जोडीने फिरते, आणि त्यात गुठळ्या आहेत का, हे तोच सांगतो. एसडीएस-पेजवर (प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर) २९ किलोडाल्टनच्या जवळ एकच पट्टा दिसावा. प्रथिनाची संहती २८० नॅनोमीटरवरील शोषणावरून काढताना आपल्या क्रमातील ट्रिप्टोफॅन (प्रत्येकी ५५००) आणि टायरोसिन (प्रत्येकी १४९०) मोजून स्वतःचा शोषण गुणांक काढावा. 'एक शोषण म्हणजे एक मिलिग्रॅम' हा ढोबळ हिशोब येथे चालणार नाही, कारण पुढील सर्व गतीचे आकडे याच संहतीने भागले जाणार आहेत.

क्रियाशीलतेचे मोजमाप

सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा. बीटा-लॅक्टमेजसाठी नायट्रोसेफिन हा सबस्ट्रेट नवख्यांना फार उपयोगी आहे. त्याचे बीटा-लॅक्टम कडे तुटताच द्रावण पिवळ्याचे लाल होते आणि ही वाढ ४८६ नॅनोमीटरच्या आसपास मोजता येते. नायट्रोसेफिन डीएमएसओमध्ये विरघळवून अंधारात, गोठवून ठेवावे. प्रकाशित गुणांक थेट न वापरता ज्ञात संहतीचे नायट्रोसेफिन भरपूर एन्झाइमने पूर्णपणे तोडून स्वतःच्या यंत्रावर शोषणातील बदल मोजावा. प्लेट रीडरमध्ये द्रावणाची उंची एक सेंटिमीटर नसते, ही गोष्ट याच एका प्रयोगातून आपोआप दुरुस्त होते.

आता संहतीचा हिशोब पाहू. २९ किलोडाल्टनचे प्रथिन १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर ते सुमारे ३४.५ मायक्रोमोलर असते. टेम-१चा प्रत्येक रेणू नायट्रोसेफिनचे सेकंदाला शेकडो रेणू तोडू शकतो. समजा ही कमाल गती ९०० आहे आणि १०० मायक्रोमोलर नायट्रोसेफिनवर तिच्या निम्मी गती मिळते. मग केवळ १ नॅनोमोलर एन्झाइम सेकंदाला ०.४५ मायक्रोमोलर सबस्ट्रेट संपवेल, आणि दहा टक्के सबस्ट्रेट अवघ्या २० ते २५ सेकंदांत संपेल. प्रारंभिक गती मोजायची म्हणजे हे पहिले दहा टक्केच मोजायचे. हाताने पिपेट करून झाकण लावेपर्यंत पंधरा सेकंद जातात, म्हणून एन्झाइम ०.२ नॅनोमोलरपर्यंत विरळ करावे, म्हणजे जवळजवळ दोन मिनिटांची सरळ रेषा मिळते. मूळ नळीपासून येथपर्यंत सुमारे पावणेदोन लाखपट विरलन होते. हे विरलन एका झटक्यात न करता टप्प्याटप्प्याने करावे आणि प्रत्येक टप्प्याच्या बफरमध्ये ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घालावे. इतके विरळ एन्झाइम प्लास्टिकच्या नळीच्या भिंतीला चिकटून नाहीसे होते, आणि 'माझे एन्झाइम बर्फावर तासाभरात मरते' अशी जी तक्रार ऐकू येते तिच्यामागे बहुधा हेच कारण असते.

एन्झाइमची संहती दुप्पट केली की गती दुप्पट होते, हे प्रथम दाखवावे. होत नसेल तर पुढे जाऊ नये. त्यानंतर नायट्रोसेफिनच्या किमान आठ संहती घ्याव्यात, अपेक्षित केएमच्या (कमाल गतीच्या निम्मी गती देणाऱ्या संहतीच्या) एक-पंचमांशापासून पाचपटीपर्यंत, आणि १९१३ पासून वापरात असलेले मिकेलिस-मेंटेन समीकरण थेट वक्रावर बसवावे. व्यस्तांकांचा सरळ आलेख काढण्याची पद्धत परीक्षेपुरती ठीक आहे. तिच्यात सर्वांत कमी संहतीवरील, म्हणजे सर्वांत अविश्वसनीय, बिंदूंना सर्वाधिक वजन मिळते. टेम-१साठी तुमचा केएम १०० मायक्रोमोलरच्या आसपास आला आणि केकॅट (एन्झाइमच्या एका रेणूची कमाल गती) सेकंदाला काही शेकड्यांत आला, तर तुमचे हात तयार झाले असे समजावे.

नायट्रोसेफिन सोयीचे असले तरी ते औषध नाही, आणि एन्झाइमचे कार्य केवळ त्यावरून सांगता येत नाही. अँपिसिलिन, एखादे जुने सेफलोस्पोरिन, सेफोटॅक्सिम आणि इमिपेनेम यांवर तेच मोजमाप करावे. अँपिसिलिनचे कडे तुटताना २३५ नॅनोमीटरवरील शोषण कमी होते. हा बदल लहान असतो आणि साध्या प्लास्टिकच्या प्लेटमधून अतिनील किरण जात नाहीत, म्हणून क्वार्ट्झची क्युव्हेट वापरावी. टेम-१ अँपिसिलिन झपाट्याने तोडते, पण सेफोटॅक्सिमवर ते फार दुबळे ठरते. तुमचे एन्झाइम सेफोटॅक्सिमही वेगाने तोडत असेल, तर पुढे रचनेला विचारायचा प्रश्न हाती आला: क्रियास्थळाची कोणती भिंत रुंदावली आहे?

शेवटी अवरोधक वापरून पाहावेत. धातू पकडून ठेवणारे ईडीटीए घातल्यावर क्रिया थांबली तर धातूची शंका घ्यावी; क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाने थांबली आणि ईडीटीएने थांबली नाही, तर अ वर्गाकडे बोट जाते. रिकाम्या प्लाझ्मिडच्या पेशींपासून त्याच पद्धतीने काढलेला नमुना या प्रत्येक प्रयोगात शेजारी असलाच पाहिजे.

स्फटिक

मोजलेले प्रथिन आता १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास गाढ करावे आणि मीठ व बफर शक्य तितके कमी असलेल्या द्रावणात आणावे. फॉस्फेट बफर टाळावा. आम्ही एकदा सुंदर, टोकदार स्फटिकांचे अडीच महिने संगोपन केले आणि क्ष-किरणांत ते मॅग्नेशियम फॉस्फेटचे निघाले. मिठाचा स्फटिक सुईने दाबला तर कडकडतो, प्रथिनाचा मऊपणे भुगा होतो; शिवाय प्रथिनाच्या स्फटिकात सुमारे निम्मा भाग द्रवाचा असल्याने मिथिलिन ब्लूसारखा रंग त्याच्या आत शिरतो. ही दोन मिनिटांची तपासणी पहिल्याच आठवड्यात करावी.

तयार स्क्रीनच्या प्लेटमध्ये एक मायक्रोलिटर प्रथिन आणि एक मायक्रोलिटर जलाशयातील द्रावण एकत्र ठेवून बाष्पप्रसरणाने थेंब हळूहळू गाढ होऊ द्यावा. कोणत्या द्रावणात स्फटिक येतील हे आधी सांगता येत नाही, म्हणून पीईजी, अमोनियम सल्फेट आणि निरनिराळ्या पीएचचे शंभर-दोनशे थेंब लावावे लागतात. प्लेटा एकाच तापमानाच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवाव्यात. पावसाळ्यात शीतखोलीतून प्लेट बाहेर काढली की झाकणावर क्षणात दव जमते आणि सूक्ष्मदर्शकाखाली काहीच दिसत नाही. झाकण पुसत बसण्यापेक्षा सूक्ष्मदर्शकच शीतखोलीत किंवा २० अंशांच्या कोरड्या खोलीत ठेवावा, आणि प्लेटा १८ ते २० अंशांवरच लावाव्यात. पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने असे पाहावे. रोज हलवलेल्या प्लेटमध्ये बारीक स्फटिकांचा पाऊस पडतो.

स्फटिक येतच नसतील तर साखळीची डगमगती टोके कापून पाहावीत. २९ किलोडाल्टनचे प्रथिन क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी फार लहान आहे, त्यामुळे ती वाट येथे सहसा उघडत नाही. द्रावणातील हालचाल पाहायची असेल तर एनएमआरचा विचार करावा. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उच्चक्षेत्र एनएमआरची राष्ट्रीय सुविधा आहे.

विवर्तन

स्फटिक नायलॉनच्या बारीक फासात उचलून, २० ते २५ टक्के ग्लिसरॉल असलेल्या द्रावणातून काढून, थेट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवावा. मुंबईच्या दमट हवेत हातातील फास अर्धा सेकंद जास्त रेंगाळला तरी त्यावर बर्फ धरतो, आणि हा बर्फ विवर्तनचित्रात ३.९०, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉमवर ठळक वर्तुळे उमटवून तेथील माहिती खाऊन टाकतो. नायट्रोजनचे भांडे सूक्ष्मदर्शकाला चिकटून ठेवावे, आणि जुलै महिन्यात हे काम आर्द्रताशोषक यंत्र चालू केल्याशिवाय करू नये.

प्रयोगशाळेतील तांब्याच्या स्रोतावर (तरंगलांबी १.५४१८ अँगस्ट्रॉम) स्फटिक तपासून घ्यावा. चांगला असेल तर इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ या २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या सिंक्रोट्रॉनवर वेळ मागावा. तेथील प्रथिन-स्फटिकशास्त्राची पीएक्स-बीएल२१ ही किरणरेषा ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारली आहे. मुंबई सेंट्रलहून अवंतिका एक्स्प्रेसने माणसे रात्रीत पोहोचतात, परंतु द्रव नायट्रोजनचे भांडे प्रवासी डब्यातून नेण्याचा विचारही करू नये. गोठवलेले स्फटिक नायट्रोजन शोषून घेणाऱ्या कोरड्या शिपरमध्ये, संस्थेच्या व्यवस्थेने, आधी पाठवावेत.

किती विभेदन पुरेसे आहे, हे तुमच्या प्रश्नावर अवलंबून आहे. साखळीची घडी पाहायला ३ अँगस्ट्रॉम पुरतात. उत्प्रेरक पाण्याचा रेणू खात्रीने दाखवायचा असेल तर २ अँगस्ट्रॉम किंवा त्याहून चांगली माहिती हवी.

प्रतिमान बांधणे

विवर्तनचित्रात ठिपक्यांची तीव्रता मिळते, पण तरंगांची कला (फेज) मिळत नाही. ती उसनी घेण्यासाठी जवळच्या नात्यातील रचना वापरतात. टेम-१साठी प्रथिन रचना कोशातील '१बीटीएल' ही १.८ अँगस्ट्रॉमची रचना चालेल, आणि नवीन एन्झाइमसाठी अल्फाफोल्डचे भाकीत. फेझर, फिनिक्स आणि कूट या प्रणाली शैक्षणिक वापरासाठी विनामूल्य मिळतात. उसन्या प्रतिमानाचा पूर्वग्रह इलेक्ट्रॉन घनतेत उतरतो, म्हणून क्रियास्थळातील पार्श्वसाखळ्या आधी काढून टाकाव्यात आणि घनता स्वतःहून त्या परत दाखवते का, ते पाहावे.

सुरुवातीलाच सुमारे पाच टक्के ठिपके बाजूला ठेवून त्यांच्यावरून प्रतिमान आणि मोजमाप यांतील तफावत सांगणारा आर-फ्री हा आकडा काढला जातो. २ अँगस्ट्रॉमच्या माहितीसाठी तो ०.२० ते ०.२५ मध्ये असावा, आणि आर-वर्कपासून (उरलेल्या ठिपक्यांवरून काढलेल्या त्याच आकड्यापासून) तो फार दूर गेला तर प्रतिमानात कल्पनेचा भाग वाढला आहे असे समजावे. त्यानंतर रामचंद्रन आलेख पाहावा. जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मद्रासमधून मांडलेला हा आलेख आजही प्रत्येक रचनेची पहिली परीक्षा घेतो. पण आलेखाबाहेर पडलेला प्रत्येक बिंदू चूक समजून ओढून आत आणू नये. टेम-१मध्ये क्रियाशील सेरिनच्या अगदी शेजारचे ६९ क्रमांकाचे मेथिओनिन खरोखरच ताणलेल्या स्थितीत असते, आणि १६६-१६७ मधील पेप्टाइड बंध खरोखरच सिस असतो. घनता स्पष्ट असेल तर घनतेचे ऐकावे.

रचनेला प्रश्न विचारणे

रचना पाहून सुचलेली यंत्रणा उत्परिवर्तनाने तपासावी लागते. टेम-१मध्ये सेरिन ७० बीटा-लॅक्टम कड्यावर हल्ला करून प्रतिजैविकाला स्वतःशी सहसंयुजी बंधाने जोडून घेते, आणि मग ग्लुटामिक आम्ल १६६ ने सज्ज केलेला पाण्याचा रेणू हा बंध तोडून एन्झाइमला मोकळे करतो. १९९२ मध्ये कॅनडातील संशोधकांनी १६६ च्या जागी अ‍ॅस्परॅजिन बसवले. पहिले पाऊल होत राहिले, दुसरे थांबले, आणि एन्झाइमला जोडलेले पेनिसिलिन त्यांना १.७ अँगस्ट्रॉमवर प्रत्यक्ष पाहता आले. ही रचना '१एफक्यूजी' या क्रमांकाने उपलब्ध आहे. नवख्याने ती पडद्यावर उघडून एक पूर्ण दुपार तिच्यासोबत घालवावी, कारण रचना आणि कार्य एकाच प्रयोगात कसे भेटतात हे तेथे स्पष्ट दिसते.

स्वतःचे उत्परिवर्तन करताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक म्हणजे क्रिया गेली यावरून ते अमिनो आम्ल उत्प्रेरक होते असे म्हणता येत नाही; कदाचित प्रथिन नीट घडीच झाले नसेल. म्हणून घडी दाखवणारी वर्तुळाकार द्विवर्णता आणि वितळण्याचे तापमान मूळ एन्झाइमशी ताडून पाहावे. दुसरी गोष्ट मी स्वतः चुकून शिकलो. सेरिन ७० च्या जागी अ‍ॅलनिन घातलेल्या एन्झाइममध्ये मला सेकंदाला एकाच्या आसपास गती मिळाली आणि मी तिच्या स्पष्टीकरणासाठी दुसरी यंत्रणा मांडू लागलो. प्रत्यक्षात मी मूळ एन्झाइमसाठी वापरलेलेच निकेल रेझिन धुऊन पुन्हा वापरले होते. मूळ एन्झाइमची गती ९०० असेल तर त्याची केवळ ०.१ टक्का भेसळसुद्धा ०.९ इतकी गती दाखवते, आणि एसडीएस-पेजवर इतकी भेसळ दिसत नाही. नवीन रेझिनवर केलेल्या शुद्धीकरणात ती गती नाहीशी झाली. तेव्हापासून प्रत्येक उत्परिवर्तित एन्झाइमसाठी आम्ही स्वतंत्र, न वापरलेले रेझिन घेतो आणि त्यावर नाव लिहितो.

मांडणी आणि जमा करणे

रचना प्रथिन रचना कोशात जमा करताना मूळ विवर्तनचित्रेही सार्वजनिक भांडारात ठेवावीत. गतीच्या आकड्यांसोबत तापमान, पीएच, बफर, एन्झाइमची संहती कशी काढली आणि स्वतंत्रपणे तयार केलेल्या किती बॅचवर मोजमाप केले, हे लिहावे. एकाच नळीतून तीनदा घेतलेले वाचन म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. स्फटिक ज्या बॅचमधून आला त्या बॅचच्या निदान पाच लहान नळ्या, बॅचचा क्रमांक आणि मोजलेली क्रियाशीलता लिहून, उणे ८० अंशांवर ठेवाव्यात. लेख तपासणारे परीक्षक आणखी एखाद्या सबस्ट्रेटवरील मोजमाप हमखास मागतात, आणि तेव्हा त्याच बॅचची नळी फ्रीजरमध्ये असेल तर ते काम एका आठवड्यात होते.